इलेक्ट्रॉन बीम आयन ट्रॅपमध्ये नेमकं काय मोजतात?

लोखंडाच्या अणूतले १६ इलेक्ट्रॉन काढल्यावर उरणारा आयन, म्हणजे धन प्रभाराचा अणू, धरून कसा ठेवायचा आणि त्याचं मोजायचं तरी काय, असा तुमचा प्रश्न आहे. असे आयन इलेक्ट्रॉनांच्या झोताने बनवून तिथेच अडकवून ठेवणारं यंत्र म्हणजे इलेक्ट्रॉन बीम आयन ट्रॅप. अशा एका ट्रॅपवर मी काही वर्षं काम केलंय, त्यावरून सांगतो.

तिथे सगळी कामं एकच इलेक्ट्रॉन-झोत करतो. अतिवाहक चुंबक त्याला केसाइतका बारीक आवळतो. तो अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो, स्वतःच्या ऋण प्रभाराने धन आयन आपल्याकडे ओढून धरतो आणि त्यांनाच धडकून क्ष-किरण सोडायला लावतो. (दोन्ही टोकांच्या नळ्यांवर जास्त व्होल्टेज असतं, म्हणून आयन तिकडूनही निसटत नाहीत.) कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत हे १९८०च्या दशकात जमलं. १९९४ मध्ये तर तिथे युरेनियमचे सगळे ९२ इलेक्ट्रॉन काढले.

आता मोजणी. झोताची ऊर्जा हळूहळू वाढवायची आणि बाहेर पडणाऱ्या दर फोटॉनमागे (क्ष-किरणाच्या कणामागे) दोन आकडे नोंदवायचे: त्या क्षणी झोताची ऊर्जा किती, फोटॉनची किती. या दोन आकड्यांच्या आलेखावर दर फोटॉनचा एक, असे रात्रभर पडद्यावर ठिपके साठतात. आधी नुसता धुरळा दिसतो, पहाटेपर्यंत तिरपे पट्टे उमटतात. झोतातला इलेक्ट्रॉन आयनात जाऊन बसला की त्याची गतिज ऊर्जा आणि बंधनऊर्जा मिळून होईल तेवढ्या ऊर्जेचा फोटॉन निघतो, म्हणून पट्टा तिरपा. त्यात मधेमधे ठळक डाग असतात. तिथे येणारा इलेक्ट्रॉन बसता बसता आतल्या एकाला वर ढकलतो, आणि हे ठरावीक ऊर्जेलाच होतं. त्या डागांवरूनच ट्रॅपमध्ये कुठले आयन आहेत ते कळतं. मात्र ट्रॅपच्या मधल्या नळीवरचं व्होल्टेज म्हणजेच झोताची ऊर्जा असं धरू नका. झोताचा स्वतःचा प्रभार ती कमी करतो, साठलेले आयन ती घट थोडी भरून काढतात. माहीत असलेल्या वर्णरेषांशी (आयन ज्या ठरावीक ऊर्जांना क्ष-किरण सोडतो त्यांच्याशी) ताडून पाहावंच लागतं.

तुमच्या लोखंडाचीच गोष्ट सांगतो. या आयनाच्या दोन रेषा, १.५० आणि १.५३ नॅनोमीटरच्या, सूर्याच्या प्रभामंडळातही (त्याभोवतीच्या तप्त, विरळ वायूतही) ठळक दिसतात. त्यांच्या तीव्रतेचं गुणोत्तर क्वांटम सिद्धांताच्या गणिताने साधारण ३.५ येई, निरीक्षणांत कमी भरे. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने ट्रॅप थेट स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरपाशी नेला, म्हणजे रेषा झोताऐवजी लेसरने उद्दीपित करता येतील. २०१२ मध्ये उत्तर छापून आलं: २.६१. क्वांटम गणितातच खोट आहे, असं अनेकांना वाटू लागलं.

त्यांनी पाठ सोडली नाही. हँबुर्गच्या सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉन फिरवून प्रखर क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर) २०२० मध्ये ३.०९ मिळालं. मग विभेदन, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता, आणखी वाढवलं, पार्श्वभूमीचा गोंगाट खूप खाली आणला, तेव्हा रेषांच्या दोन्ही बाजूंचे मंद, पसरट भाग स्पष्ट दिसले. आधी ते गोंगाटात बुडालेले होते. तेही धरून २०२२ मध्ये गुणोत्तर निघालं ३.५१. गणित बरोबरच होतं. या क्षेत्रातलं मला सर्वांत प्रिय काम हेच.