'लाभार्थी' आणि 'वारस' एकच का? आणि नोटीस 'बजावायची' म्हणजे काय?

प्रश्न असा आहे : वडिलांच्या मृत्युपत्रावर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यायचं आहे. वकिलांच्या मसुद्यात कुठे 'लाभार्थी', कुठे 'वारस' असं आलंय. दोन्ही एकच ना? आणि सख्ख्या बहिणीला नोटीस 'बजावायची', हे दम दिल्यासारखं नाही का वाटत?

एकच नाहीत. इथे शब्दांची गल्लत झाली तर नोटीस भलत्यालाच जाते.

मृत्युपत्र नसतं तर कायद्याने ज्यांना वाटा मिळाला असता, ते वारस. हिंदू पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली, हयात असेल तर आई, शिवाय आधी वारलेल्या मुलाची बायको-मुलं आणि आधी वारलेल्या मुलीची मुलं. यादीतून आई आणि वारलेल्या मुलाची मुलं हमखास सुटतात. लग्न झालेली मुलगीही अजून सुटते, हे वाईट आहे. लाभार्थी मात्र मृत्युपत्र ठरवतं. घर भाचीला दिलं आणि मुलाला वगळलं, तर भाची लाभार्थी आहे पण वारस नाही. मुलगा वारस आहे पण लाभार्थी नाही. नोटीस मुलाला जायलाच हवी, कारण हातचं त्याचं जातंय. भाचीला कळवून भागत नाही. (बँकेतला नॉमिनी हा तिसराच, नॉमिनी म्हणून तो मालक होत नाही.)

'लाभार्थी'तला 'अर्थी' म्हणजे इच्छिणारा, मागणारा : विद्यार्थी, शरणार्थी. सरकारी योजनेत माणूस अर्ज करतो, तिथे शब्द चपखल बसतो. भाचीने काही मागितलेलंही नसतं. तरी शब्द आता रुळलाय, मसुद्यात राहू द्या.

आता 'बजावणे'. 'बजावून सांगितलं' यात ताकीद आहे, पण 'कर्तव्य बजावलं' यात नाही. नोटीस बजावणे हे दुसऱ्या घरातलं : रीतसर हाती पोचवणे आणि पोचल्याचा पुरावा कोर्टात दाखल करणे. कोर्टात या नोटिशीला 'साइटेशन' म्हणतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 283 मध्ये तिचा आशय इतकाच आहे, की मिळकतीत हितसंबंध सांगणाऱ्यांनी यावं आणि कामकाज पाहावं. यात दम कुठेच नाही. ती कोर्टात आणि कलेक्टर कचेरीत दर्शनी जागी लावतात.

अडतं ते पत्त्यावर. लिफाफा 'घर बंद' किंवा 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आला, तर ती बजावणी धरून चालू नका. नवा पत्ता शोधा, नाहीतर कोर्टाच्या परवानगीने वर्तमानपत्रात द्या. वारस अठराच्या आतला असेल तर नोटीस पालकामार्फत. मसुद्यात त्याच्यापुढे 'अज्ञान' दिसेल, त्याने दचकू नका. सातबाऱ्यावरच्या 'अ.पा.क.'मधला, म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता'मधला, तोच हा शब्द. अर्थ फक्त वयाने लहान.

ज्याला बोलावणं आवश्यक होतं त्याला न बोलावता प्रोबेट मिळवलं, तर कलम 263 खाली ते पुढे रद्द होऊ शकतं. म्हणून एखाद्याचं नाव गाळून काम लवकर होईल असं कुणी सुचवलं तरी ऐकू नका.

बहिणीची हरकत नसेल तर तिचं संमतीचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबत जोडा. मग तिला बजावायची वेळ सहसा येत नाही.