पुरोगामी विचार स्वीकारले तर ख्रिस्ती मंडळी टिकेल की विरून जाईल?

स्त्रियांना पाळकपद (चर्चच्या धर्मगुरूचे पद) देणे, समलिंगी व्यक्तींना मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सामावून घेणे आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांसोबत उपासना करणे, या तिन्ही गोष्टींना तुम्ही वरचा प्रश्न विचारताना ‘पाश्चात्त्य चर्चकडून आलेले वारे’ म्हटले आहे. हेच शब्द माझे काका मला तीस वर्षे ऐकवत आले आहेत, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

माझी आत्या नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी बायबल-बाई होती. घरोघरी शुभवर्तमान वाचून दाखवणे, मुलांची संडे स्कूल चालवणे, मयताच्या घरी रात्रभर बसणे हे सारे तिने 31 वर्षे केले. 1994 च्या ईस्टरला पाळकसाहेब पोहोचू शकले नाहीत. त्यांच्याकडे पाच गावे होती आणि एसटी वाटेत बंद पडली होती. ‘उपासना संगीता’तली गीते गाऊन झाली, वचन वाचून झाले, अकरा वाजून गेले, तरी कोणी उठेना, कारण बरेच जण प्रभुभोजनासाठी, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ पाळकाच्या हातून भाकर आणि द्राक्षरस घेण्यासाठी, सकाळपासून उपाशी होते. शेवटी आत्या घरी गेली आणि दुरडीत ज्वारीची भाकर व तांब्यात मनुका कुस्करून गाळलेले पाणी घेऊन आली. तिने प्रार्थना करून भाकर मोडली, तेव्हा कडेचा करपलेला पापुद्रा सतरंजीवर पडला. तो तिने बोटाने टिपून स्वतःच्या तोंडात घातला आणि पहिला तुकडा पुढे बसलेल्या, डोळ्यांनी अधू झालेल्या एका म्हातारीच्या तळहातावर ठेवला. आपल्या मराठी बायबलातही प्रभूने मोडली ती भाकरच आहे, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

पुढच्याच आठवड्यात मंडळीच्या पंचांनी तिला लेखी माफी मागायला लावली. माफीचा मजकूर काकांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, लिहिला. तिने सही केली आणि त्या जूनपासून संडे स्कूल सोडली.

काकांचे म्हणणे असे की, आपल्या वाडवडिलांचा विश्वास असला नव्हता. मला हे साफ चुकीचे वाटते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला काम सुरू केले खरे, पण त्याच मिशनचे वेतन 1917 मध्ये सोडून कवी नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्याच गुरुभगिनींना (नन्सना) कळवले की, आपला विवेक आपण कोणाच्या स्वाधीन करणार नाही; आणि त्याच बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. जी स्त्री शास्त्राचा शब्दन्‌शब्द मराठीत आणू शकते, तिच्या हातून भाकरीचा तुकडा घेतल्याने मंडळी बाटते, हे मला पटलेले नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा प्रॉटेस्टंट परंपरा एक होऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली, तेव्हाही मंडळी विरून गेली नाही. 2013 मध्ये दक्षिण भारताच्या मंडळीने नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केले, तेव्हाही नाही.

समलिंगी व्यक्तींविषयी माझे मत सरळ आहे: ज्याला प्रभूच्या मेजाशी यावेसे वाटते, त्याला पंचांनी दारात अडवू नये. तरुण मंडळी उपासनेला का येत नाहीत, असेही तुम्ही विचारले आहे. सगळ्यांचे मला सांगता येणार नाही, परंतु आत्याच्या संडे स्कूलमधली जी मुले पुढे पुण्याला गेली, त्यांतली काही माफीपत्राची गोष्ट अजून काढतात आणि नाताळखेरीज देवळात पाऊल ठेवत नाहीत.

एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. प्रभुभोजन दीक्षित, म्हणजे पाळकपदाचा रीतसर विधी झालेल्या, पाळकानेच द्यावे हा नियम पुरुषांनाही लागू आहे, त्यामुळे आत्याने नियम मोडला हे काकांचे म्हणणे खोटे नाही. पाळकसाहेबांनी तिला कधी दोष दिला नाही, हेही सांगितले पाहिजे. शिवाय मी हे नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुरते लिहिते आहे; कॅथलिक चर्चमध्ये 2021 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली केली, पुरोहितपद मात्र नाही, आणि तिथला प्रश्न निराळ्या वळणाचा आहे. पण नियम मोडला म्हणून 31 वर्षांची सेवा थांबवायची की तिलाच शिकवून दीक्षा द्यायची, हे ठरवणे पंचांच्या हातात होते, आणि सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा देता येते हे काकांना तेव्हाही ठाऊक होते.

तुमच्या मंडळीत अशी कोणी बाई असेल, तर येत्या वार्षिक सभेत तिचे नाव दीक्षेसाठी सुचवा. आमच्या मंडळीच्या नोंदवहीत 1994 च्या ईस्टरसमोर प्रभुभोजनाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. त्या दिवशी 43 जणांनी भाकर घेतली होती, मी स्वतः मोजले होते. तो आकडा तिथे लिहावा, असा अर्ज मी या वर्षीही दिला आहे.