बायपासनंतर साबुदाणा खाल्ला की हातपाय का थरथरतात?

प्रश्न: ताई, वय 43, दीड वर्षापूर्वी वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास झालं, वजन छान उतरलं, शुगरची गोळीही बंद झाली. पण हल्ली चतुर्थीला खिचडी खाल्ली की दीड-दोन तासांनी दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, गोड चहा घेतला की बरं वाटतं. जाऊबाई म्हणतात डायबेटिस परत आला. मी घाबरून भात-पोळी सगळंच बंद केलंय, बरोबर ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, यावरून डायबेटिस परत आलाय असं वाटत नाही, उलट त्या वेळी तुमची शुगर खाली जात असावी. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ स्टार्चच आहे, झपकन आतड्यात उतरतो, शुगर एकदम चढते, जीएलपी-1 हे इन्सुलिन सोडायला लावणारं आतड्यातलं हार्मोन वाढतं, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांत शुगर धाडकन खाली. याला लेट डम्पिंग म्हणतात, ऑपरेशननंतर वर्षभराने सुरू होणं नेहमीचंच आहे.

पुढच्या वेळी थरथर सुटली की आधी ग्लुकोमीटर लावा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी परत बघा आणि सावरल्यावर थोडं पनीर किंवा मूठभर शेंगदाणे खा, कारण नुसत्या गोडावर थांबलात तर तेच चक्र परत फिरतं.

भात-पोळी कायमची सोडायची गरज नाही. ताटात आधी प्रोटीन, म्हणजे अंडं, पनीर, मासे नाहीतर मटकीची उसळ (दिवसाला 60 ग्रॅम तरी प्रोटीन पोटात जायला हवं, ते फार जणींचं राहून जातं), मग भाजी, आणि शेवटी अर्धी ज्वारीची भाकरी किंवा दोन-तीन चमचे भात. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. सरबत, ज्यूस, रिकाम्या पोटी गोड चहा बंद. उपास करायचाच असेल तर दिवसभर उपाशी राहून रात्री खिचडी नको, दर तीन-चार तासांनी दही, पनीर, दाण्याच्या आमटीबरोबर थोडीशी भगर असं खा.

इतकं करूनही त्रास होत राहिला, किंवा एकदा जरी चक्कर येऊन पडलात, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवाच, यावर अ‍ॅकार्बोजसारखी औषधं आहेत. आणि तपासणीला जाल तिथे बायपास झालंय हे आधीच सांगा, कारण 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात ती टेस्ट तुमच्यासारख्यांना जोरात डम्पिंग करू शकते, तुम्ही ती करू नका.