हिमयुगात अंटार्क्टिकावरील जमिनीवरचे जीव कसे तगले?

हिमयुगात सगळा अंटार्क्टिका बर्फाखाली गेला असेल, तर तिथले जमिनीवरचे जीव वाचले कसे, या प्रश्नाचे उत्तर असे, की बर्फातून वर डोकावणारी शिखरे आणि ज्वालामुखीच्या उबेने मोकळी राहिलेली जमीन यांनी त्यांना आसरा दिला. आपल्या विदर्भात वैशाखात नदी आटली तरी खोल डोहात मासोळी उरते आणि पावसाळ्यात तीच नदीभर पसरते, तसेच हे घडले. अंटार्क्टिकावरील एरेबस ज्वालामुखीवर वाफेने बर्फात गुहा कोरल्या असून काहींच्या आत तापमान २५ अंशांपर्यंत जाते. तिथल्या मातीत शेवाळाचे आणि सूक्ष्म प्राण्यांचे डीएनए सापडले आहेत. अंटार्क्टिकावरील स्प्रिंगटेल नावाच्या काही कीटकसदृश जीवांची वंशावळ लाखो वर्षे वेगळी राहिलेली दिसते, म्हणजे ते हिमयुगानंतर बाहेरून आलेले नाहीत; हा मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. मात्र उत्तर ध्रुवाकडील बहुतेक वनस्पती-प्राणी दक्षिणेला सरकले आणि बर्फ वितळल्यावर परतले.