केळ्याचा केक खाली गिच्च राहतो आणि वरचं बटरक्रीम वाहून जातं, काय चुकत असेल?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलीच्या वाढदिवसाला घरीच केळ्याचा केक करायचाय. सरावाला दोनदा करून पाहिलात, दोन्ही वेळा तळाचा बोटभर थर गिच्च राहिला. वरचं बटरक्रीम खारट लागलं आणि अर्ध्या तासात घसरलं. शिवाय व्हॅनिलाचा कंटाळा आलाय, तर केळ्याला दुसरा कुठला स्वाद शोभेल?

माझं माहेर रावेर तालुक्यातलं. तिकडच्या बोलीत ळ चा य होतो, त्यामुळे आजीच्या तोंडी केळीची कायम ‘केयी’च असायची. सासर पुण्यात, आणि गेली नऊ वर्षं मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. म्हणजे केळं आणि बटर या दोघांशी रोजची झटापट. तुमचे दोन्ही घोटाळे मला मुळात एकच वाटतात. केकमध्ये केळ्याचं पाणी आवरलं नाही आणि क्रीममध्ये बटरचं.

आधी केळं. पिकलेल्या केळ्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं, पण हाताला ते घट्ट लागतं म्हणून आपण ते विसरतो. त्यात रेसिपीत नुसतं ‘३ केळी’ लिहिलेलं असतं. कुठली केळी? आमच्या जळगावकडचं जी-नाइन जातीचं लांब केळं सोलून १२० ग्रॅमच्या आसपास भरतं. वेलची केळं सोललं की ४०-५० ग्रॅम. तीन वेलची घातलीत तर केक कोरडा, आणि तीन मोठी जी-नाइन घालून वर ‘एक उरलंय, तेही जाऊ दे’ म्हणालात तर खाली शिरा. केळी मोजू नका, सोलून वजन करा. २०० ग्रॅम मैद्याला ३०० ग्रॅम गर, त्यापुढे नाही. जास्त केळं म्हणजे जास्त स्वाद हे खरं नाही, स्वाद पिकण्यातून येतो.

आणि पिकणं म्हणजे नुसतं पिवळं होणं नव्हे. बागेत घड हिरवाच कापतात, तो ट्रकने जातो आणि शहराजवळच्या राइपनिंग चेंबरमध्ये एथिलीन देऊन पिकवतात. गाडीवर दिसणारी लिंबासारखी पिवळीधमक फणी बऱ्याचदा आतून अजून कडक आणि जराशी तुरट असते. हिरव्या केळ्यात सुमारे २० टक्के स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर तो १-२ टक्क्यांवर येतो, बाकीच्याची साखर होते. केकला हवं ते सालीवर दाट तपकिरी ठिपके पडलेलं, देठ मऊ झालेलं केळं, जे घरात कुणी खायला तयार नसतं आणि ज्याचं एरवी शिकरण होतं. म्हणून फणी तीन-चार दिवस आधी आणून ओट्यावर ठेवा. फ्रिजमध्ये नको. तिथे साल काळी पडते पण आतलं पिकणं थांबतं, आणि आपण फसतो. काही जण कच्ची केळी सालीसकट ओव्हनमध्ये काळी करून घेतात. त्याने ती मऊ होतात, पण तो गोडवा आणि वास येत नाही.

केळी फारच पिकून पाणी सुटायला लागलं असेल तर मी कुस्करलेला गर चाळणीत दहा मिनिटं ठेवते, खाली जमलेला रस छोट्या कढईत मधासारखा होईपर्यंत आटवते आणि परत गरात मिसळते. फ्रीझरमधली केळी वापरलीत तर हे करायलाच हवं, कारण वितळल्यावर त्यांचं वाटीभर पाणी सहज सुटतं. कुस्करायचं काट्याने. मिक्सरमधून काढलेल्या लगद्याने माझा केक तरी दर वेळी जड होतो.

आता माप. ११५ ग्रॅम मऊ बटर आणि १४० ग्रॅम साखर चार-पाच मिनिटं फेटा, रंग फिका होईपर्यंत. दोन अंडी एकेक करून घाला. मग ३०० ग्रॅम केळ्याचा गर आणि १०० ग्रॅम दही. २०० ग्रॅम मैदा, सपाट एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ आणि चिमूटभर जायफळ एकत्र चाळून वरून घाला आणि हलक्या हाताने, पांढरं पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळा. इथे उत्साहाने फेटत बसलात की मैद्याला चिवटपणा येतो आणि केक रबरी होतो. सोडा लागतोच, कारण केळं आणि दही दोन्हींत आम्ल असतं. पण शीग लावून घातलात तर केक काळपट होतो आणि साबणासारखा लागतो. अंडी चालत नसतील तर बटरऐवजी ८० मिली तेल, दही १६० ग्रॅम आणि एक चमचा व्हिनेगर. पोत थोडा दाट होतो, पण चवीत उणं काही नाही.

टिनचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला दाट संशय आहे की तुमचा टिन ६ किंवा ७ इंची आहे. एवढं मिश्रण ६ इंचीत घातलं की थर इतका जाड होतो की वर करपतं तरी तळ शिजत नाही. ८ इंची गोल टिन घ्या, किंवा दोन ६ इंची टिनमध्ये वाटून टाका. क्रीम लावायचं असेल तर दोन टिनच बरे, मधून कापायची कसरत वाचते. ओटीजी १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, वरखाली दोन्ही रॉड चालू, टिन मधल्या कप्प्यात. ८ इंचीला ४० ते ४५ मिनिटं, दोन छोट्यांना २८ ते ३२. आणि त्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. माझ्या पहिल्या ओव्हनमध्ये १८० वर फिरवलं की आत जेमतेम १६० व्हायचं. हे कळायला मला दीड वर्ष आणि डझनभर गिच्च केक लागले. दोन-तीनशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आत ठेवला, त्या दिवशी कोडं सुटलं.

केळ्याच्या केकमध्ये सळई घालून पाहण्याची परीक्षाही फसवी. सळई केळ्याच्या गुठळीतून गेली तर केक झालेला असूनही ओली निघते, आणि वरच्या भागातच फिरवलीत तर तळ कच्चा असूनही कोरडी. त्यापेक्षा कडा बघा, त्या टिनपासून किंचित सुटायला हव्यात. मध्यावर बोट दाबलं की खळगा भरून यायला हवा. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९६ ते ९८ अंश. काढल्यावर दहा मिनिटांनी टिनमधून जाळीवर उलटा करा. टिनमध्येच गार होऊ दिलात तर वाफेचं पाणी तळाशी मुरतं, आणि इतकं सांभाळून पुन्हा गिच्च.

आता बटरक्रीम. यात माझी फजिती तुमच्याहून मोठी आहे. भाच्याचा पहिला वाढदिवस, माहेरी, मे महिना. आमच्याकडे मेमध्ये दुपारी पारा ४४ पर्यंत सहज चढतो. मी हौसेने पुण्याहून नोझल, रंग सगळा सरंजाम नेलेला. कूलरसमोर बसून केकवर अकरा गुलाब काढले. पाहुणे यायच्या सुमाराला वीज गेली. वीस मिनिटांत पहिला गुलाब कडेवरून ताटलीत उतरला, मागोमाग बाकीचे निघाले. वहिनीने ताट तिरपं करून ते सगळं वाटीत गोळा केलं, आणि लोकांनी केकचे तुकडे त्यात बुडवून खाल्ले, पुरणपोळी दुधात बुडवावी तसे. संपलं मात्र सगळं.

बटर साधारण ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, पण २५ च्या पुढेच त्याचा कणा मोडायला लागतो. फेटायला हवं ते १८ ते २० अंशांचं बटर. बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. पुण्याच्या थंडीत बटर तासभर बाहेर लागतं, एप्रिलमध्ये दहा मिनिटं पुरतात. मायक्रोवेव्हमध्ये मऊ करू नका, आतून वितळतं आणि बाहेरून कळत नाही.

खारटपणाचं कारण सरळ आहे: तुम्ही पोळीला-पावाला लावायचं पिवळं टेबल बटर वापरलंत. त्यात मीठ असतंच. अनसॉल्टेड बटरची वडी आणा. घरचं लोणी वापरू का, असं मला बरेच जण विचारतात. लोण्यात ताकाचा अंश आणि पाणी जास्त राहतं, त्यामुळे साखर घातली की ते सैल पडतं किंवा फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. ते थालीपीठावरच छान.

२०० ग्रॅम अनसॉल्टेड बटर एकटंच पाच मिनिटं फेटा, पांढरट होईपर्यंत. मग ३०० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून तीन हप्त्यांत घाला, बोटाच्या चिमटीएवढं मीठ. घट्ट वाटलं तर दूध नको, एक चमचा फ्रेश क्रीम. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोअर असतं, ते ओल शोषतं. घरी मिक्सरमध्ये केलेली पिठीसाखर दाताखाली करकरते. तीच वापरायची असेल तर ३०० ग्रॅमला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून पुन्हा फिरवा आणि दोनदा चाळा. क्रीम पातळ झालं तर भांडं पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून परत फेटा. नासलेल्या दुधासारखं फुटकं दिसायला लागलं तर ते फार गार आहे. दोन चमचे क्रीम काढून कोमट करा, परत त्यात घाला आणि फेटत राहा, जुळून येतं. आणि केक पूर्ण गार व्हायच्या आत क्रीम लावायचं नाही. तुमचं घसरलं त्यात या घाईचाही हात असणार.

स्वादाचं विचाराल तर माझं मत ठाम आहे: केळ्याला कॉफी. केळं मऊ, गोड, जरा भाबडं असतं, त्याला कडवटपणाचा चिमटा लागतो. एक मोठा चमचा इन्स्टंट कॉफी फक्त दोन छोटे चमचे उकळत्या पाण्यात विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग क्रीममध्ये थेंब थेंब घालून फेटा. पाणी एवढंच, कारण जास्त घातलंत की आपण पुन्हा जुन्याच दुखण्यावर आलो. मुलांची पार्टी असेल आणि कॉफी नको असेल तर २०० ऐवजी १२० ग्रॅम बटर आणि ८० ग्रॅम मऊ पीनट बटर घ्या. दाण्याचं कूट घालून मी पाहिलंय, ते चिक्की फुटल्यासारखं लागतं. वेलची-केशरही चालतं, पण मग केक श्रीखंडाच्या वाटेला जातो. काहींना तेच आवडतं. केळ्याचा बाटलीतला इसेन्स कृपा करून घालू नका. खरं केळं आत असताना वरून गोळ्या-चॉकलेटचा वास कशाला?

आंब्याच्या दिवसांत रस सरळ क्रीममध्ये ओतायचा मोह होतो. ओतलात की फाटलंच समजा. कोकणात रस आटवून मावा करतात, तो असेल तर दोन-तीन चमचे बिनधास्त घाला. नसेल तर वाटीभर रस मंद आचेवर पाव वाटी होईपर्यंत आटवा, गार करा, मग.

घरातली मोठी माणसं ‘फार गोड आहे गं’ म्हणून क्रीम बाजूला काढत असतील तर एक जुनी पद्धत आहे, जी मला स्वतःला जास्त आवडते. तीन मोठे चमचे मैदा, २०० ग्रॅम साधी साखर आणि २४० मिली दूध गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत खिरीहून घट्ट शिजवा. त्यावर प्लॅस्टिक चिकटवून, म्हणजे साय धरणार नाही, पूर्ण गार करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. मग २२५ ग्रॅम बटर फेटून हे चमचा चमचा घाला. साय फेटल्यासारखं हलकं क्रीम होतं, गोडी निम्म्यावर येते. उन्हाळ्यात मात्र हे साखरेच्या क्रीमपेक्षाही लवकर सैल पडतं, म्हणून मेमध्ये याच्या वाटेला जाऊ नका.

दोन थरांच्या मध्ये केळ्याच्या चकत्या घालणार असाल तर लिंबाचा हात फिरवूनच घाला, तेही त्याच दिवशी, नाहीतर कापल्यावर काळी रेघ दिसते. नुसता केक आदल्या दिवशी करून ठेवा. केळ्याचा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, आणि गार केकवर क्रीमही नीट बसतं. दमट हवेत बाहेर ठेवलेला केक तिसऱ्या दिवशी बुरशी धरू शकतो, फ्रिजमध्ये डब्यात चार दिवस टिकतो. वाढायच्या पाऊण तास आधी बाहेर काढा, कारण थंडगार बटरक्रीम मेणासारखं लागतं. उन्हाळा असेल तर वीसच मिनिटं आधी. आणि वीज जाण्याची वेळ माहीत असेल तर मेणबत्त्या त्याच्या आधी लावा.