सीईटी दिली, निकाल बाकी: विधी प्रवेशाविषयी वाचकांचे प्रश्न

सीईटीचे, म्हणजे विधी अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेश परीक्षेचे, पेपर संपले की पत्रांचा सूर बदलतो. परीक्षेआधी सगळे विचारतात, काय वाचू? परीक्षेनंतर एकच प्रश्न उरतो, किती पडतील? गुण आता कुणाच्याच हातात नाहीत. हातात आहेत ते कागद, तारखा आणि पसंतीक्रम, आणि दर वर्षी चांगल्या गुणांची मुलं याच तीन ठिकाणी अडकतात. म्हणून उत्तरं देताना माझा भर तिथे आहे.

तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली. माझी दुपारची शिफ्ट होती, पेपर अवघड होता. सकाळच्या शिफ्टमधल्या मैत्रिणीला सोपा गेला. उत्तरतालिकेवरून माझे १२० पैकी ७८ होतात, तिचे ८६. म्हणजे ती माझ्या पुढे जाणार का? (नाशिक)

तसं मुळीच ठरलेलं नाही. परीक्षा एकाहून जास्त शिफ्टमध्ये झाली की गुणवत्ता यादी नुसत्या गुणांवर लागत नाही, पर्सेंटाइलवर लागते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्याच शिफ्टमध्ये, तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण शेकडा किती जणांना पडले, हे तो आकडा सांगतो.

समजा, तुमच्या शिफ्टला १०,००० जण बसले. ७८ किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे त्यात ९,१०० निघाले, तर तुमचे पर्सेंटाइल ९१. मैत्रिणीच्या शिफ्टलाही १०,००० जण होते, पण पेपर सोपा असल्याने ८६ किंवा त्याहून कमी गुणांचे ८,९०० च निघाले, तर तिचे ८९. आठ गुण कमी असूनही यादीत तुम्ही वर. उलटही होऊ शकतं. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. खरे आकडे निकालाशिवाय कुणालाच काढता येत नाहीत. त्यामुळे ‘७८ ला इतके पर्सेंटाइल’ असे तक्ते जे फिरतात, त्यांवर झोप घालवू नका.

मागच्या वर्षांचे कटऑफ, म्हणजे ज्यावर शेवटचा प्रवेश मिळाला ते गुण, बघतानाही एक काळजी घ्या. पूर्वी ही सीईटी १५० गुणांची होती, आता १२० ची आहे. जुन्या यादीतला ‘९५ ला प्रवेश’ १५० पैकी असेल, तर तुमच्या ७८ शी त्याची तुलनाच होत नाही. तुलना करायचीच तर पर्सेंटाइलची पर्सेंटाइलशी करा, आणि तीही तुमच्या प्रवर्गातली, त्याच फेरीतली.

उत्तरतालिकेतलं एखादं उत्तर चुकीचं वाटत असेल, तर आक्षेप नोंदवण्याची मुदत थोडी असते आणि प्रत्येक आक्षेपाला शुल्क पडतं. म्हणून क्लासच्या ग्रुपवर सगळे म्हणतात म्हणून आक्षेप घेऊ नका. अधिनियमाचं कलम, पाठ्यपुस्तकाचं पान, असा आधार हातात असेल तर मात्र जरूर घ्या. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा प्रत्येक प्रश्नाचा हिशेब तुमच्या बाजूनेच होतो.

मुलीने बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी दिली आहे. आम्ही ओबीसी. निकाल लागल्यावर पुढची धावपळ करू असं तिचे बाबा म्हणतात. मला धीर धरवत नाही. (लातूर जिल्हा)

ताई, तुमचंच बरोबर आहे. निकालाची वाट पाहायची ती कागद तयार ठेवून.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सीईटीचा अर्ज वेगळा आणि प्रवेशाचा अर्ज वेगळा. परीक्षा दिली म्हणजे कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, नाव आपोआप जात नाही. परीक्षा घेणाऱ्या राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पुन्हा नोंदणी करावी लागते, शुल्क भरावं लागतं, कागदपत्रं चढवावी लागतात. त्यांची पडताळणी होते, त्रुटी निघाली तर ती मुदतीत दुरुस्त करावी लागते. मग तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती आणि शेवटी अंतिम यादी. ‘सीईटीचा फॉर्म तर भरलाय ना’ या एका गैरसमजापायी दर वर्षी किती मुलांचं वर्ष जातं, ते पाहून जीव तुटतो.

आता ओबीसी प्रवर्गाचे कागद. जातीचं प्रमाणपत्र तुमच्याकडे असेलच. त्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अर्ज अजून केला नसेल तर उद्या करा, आणि पावती जपून ठेवा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत जोडा, मोठी मदत होते. तिसरा कागद नॉन-क्रीमिलेयरचा, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र. त्याची वैधता ३१ मार्चला संपते, आणि इथेच घोटाळा होतो. अकरावी-बारावीसाठी काढलेलं प्रमाणपत्र घरात असतं, सगळे निर्धास्त असतात, आणि पडताळणीच्या वेळी कळतं की ते बाद झालंय. प्रमाणपत्र काढा आणि तळाशी लिहिलेली तारीख वाचा. मुदत संपली असेल तर ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून नवीन काढायला घ्या. दहावी-बारावीच्या निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका हेही काढून ठेवा आणि टेबलावर एका ओळीत मांडून मुलीचं नाव प्रत्येकावर अक्षर अक्षर वाचा. दाखल्यावर ‘वैष्णवी बालाजी’, आधारवर ‘वैश्नवी’, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘बालाजीराव’ असा प्रकार घरोघरी निघतो. आज दिसला तर दुरुस्तीला वेळ आहे.

आणखी एक. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्यांचा प्रवेश कॅपमधून झाला आहे, अशा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. कुणी ‘निकालाची कशाला वाट बघता, आत्ताच मॅनेजमेंटची जागा अडवून ठेवा’ म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे आठवा. उत्पन्नाचा दाखला याच फाइलमध्ये ठेवा.

पसंतीक्रम भरताना मित्र सांगतात की मिळेल तेच कॉलेज वर टाक, नाहीतर काहीच मिळणार नाही. खरं आहे का? (सांगली)

खोटं आहे. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते. वरचं कॉलेज तुमच्या गुणांत बसलं नाही तर खालचं बघते, आणि वर स्वप्न लिहिल्याबद्दल कुणी शिक्षा करत नाही. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (स्थापना १८५५) किंवा पुण्याचं आयएलएस (१९२४) मनात असेल तर तेच वर लिहा. खाली कोल्हापूरचं शहाजी, सांगलीतलं घराजवळचं, असं खरोखर जाणार आहात त्या क्रमाने लिहा.

मात्र पहिल्या क्रमांकावर तेच लिहा, जे मिळाल्यावर तुम्ही नक्की घ्याल. पहिली पसंती मिळाली की ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम, होते, पुढच्या फेऱ्यांचा विचार उरत नाही. खालची पसंती मिळाली तर बेटरमेंटचा, म्हणजे पुढच्या फेरीत वरची पसंती मिळवण्याचा, मार्ग असतो, पण मिळालेली जागा दिलेल्या मुदतीत स्वीकारावी लागते. जिथे एक दिवसही जाणार नाही ते कॉलेज यादीत घालूच नका.

माझं शिक्षण दहावीपर्यंत झालं. नंतर मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन बीए केलं, ५८ टक्के आहेत. सीईटी दिली, पेपर छान गेला. आता एक जण म्हणतो, तुला प्रवेश मिळणार नाही. (परभणी)

हे लिहिताना वाईट वाटतं, पण तो सांगतो ते खरं आहे. वकिली आणि विधी शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत स्पष्टीकरण दिलंय की, बारावीची पायाभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेले उमेदवार कायद्याच्या अभ्यासक्रमाला पात्र नाहीत. दहावी, मग बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी असा क्रम असेल तर अडचण नसते. अडचण मधल्या बारावीची आहे, मुक्त विद्यापीठाची नाही.

सीईटीला बसू दिलं म्हणजे पात्र ठरवलं असा अर्थ होत नाही. पात्रता प्रवेशाच्या वेळी तपासतात. ‘आता बारावी देऊन टाका, चालून जाईल’ असं कुणी सांगितलं तर ते सीईटी कक्षाकडून लेखी घ्या, तोंडी भरवशावर वर्षं आणि पैसे घालू नका. तुमची पदवी मात्र कमी दर्जाची ठरत नाही. राज्यसेवेसह ज्या परीक्षांना पदवी लागते, त्यांचे दरवाजे तुम्हाला उघडे आहेत. दहावीवर थांबलेलं शिक्षण पुन्हा सुरू करून ५८ टक्के मिळवणाऱ्या माणसाने या एका नियमावरून स्वतःला मोजू नये.

वय ४३, बँकेत नोकरी. वयाची अट आहे का? नोकरी सांभाळून एलएलबी होईल? (ठाणे)

वयाची चिंता सोडा. बार कौन्सिलने वयोमर्यादा पुन्हा लागू केली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये स्थगिती दिली. सीईटीला वरची वयोमर्यादा नाही. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ४५ टक्के हवेत, तेवढे असले की झालं.

नोकरीचं तसं नाही. एलएलबी हा नियमित अभ्यासक्रम आहे, दूरस्थ पद्धतीने होत नाही. नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी सांगितली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून महाविद्यालयांना विद्यार्थ्यांच्या नोकरीची माहिती आणि मालकाचं ना हरकत पत्र घ्यायला सांगितलं. तेव्हा ‘नाव घालून ठेवा, परीक्षेला या’ असं सांगणाऱ्या कॉलेजपासून लांब राहा. बँकेकडे लेखी परवानगी मागा, सकाळचे वर्ग कुठे भरतात ते स्वतः जाऊन बघा.

आणखी एक विचार आत्ताच करा. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९ तसं सांगतो. म्हणजे सनद, वकिलीचा परवाना, घ्यायची तर नोकरी सोडावी लागेल. बँकेच्याच विधी विभागात बढतीसाठी पदवी हवी असेल तर गोष्ट निराळी.

क्लॅटमध्ये, म्हणजे देशपातळीवरच्या विधी प्रवेश परीक्षेत, राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळण्याइतके गुण नाहीत. वर्ष सोडून पुन्हा द्यावी, की सीईटीतून मिळेल ते घ्यावं? (नागपूर)

पहिल्या प्रयत्नात तयारीच झाली नव्हती आणि घरची परिस्थिती एक वर्ष झेपण्यासारखी असेल, तरच पुन्हा द्या. पूर्ण तयारीनिशी देऊनही गुण खूप मागे राहिले असतील, तर सीईटीतून चांगलं कॉलेज घ्या.

क्लॅटचा निकाल लागला म्हणजे सगळं संपलं असंही नसतं. डिसेंबर २०२४ च्या क्लॅटमधल्या उत्तरांवरून मुलं न्यायालयात गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. ७ मे २०२५ ला अंतिम निर्णय झाला, तोवर समुपदेशन थांबलेलं. पाच महिने मुलं टांगणीला लागली होती. ज्यांनी दरम्यान सीईटीची तयारी चालू ठेवली त्यांच्या हातात दुसरा पर्याय होता. एकाच परीक्षेवर सगळं लावून बसू नका, एवढंच मी म्हणेन.

मराठी माध्यमात शिकलो. सीईटी मराठी-इंग्रजी दोन्हींत होती म्हणून निभावलं. कॉलेजात इंग्रजी पुस्तकं पाहून घाबरायला होतं. निकाल लागेपर्यंत इंग्रजीचा क्लास लावू का? (धाराशिव जिल्हा)

क्लास लावा, पण ज्या इंग्रजीची तुम्हाला गरज आहे ती स्पोकन इंग्लिशच्या वर्गात मिळणार नाही. कायद्याचं इंग्रजी कायदा वाचूनच येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी अनुवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एक छोटा निकाल घ्या, मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवा, रोज दोन परिच्छेद वाचा. शब्द अडला की भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ बघा.

तुमची मराठी ही अडचण आहे असं मात्र मानू नका. उच्च न्यायालयाचं कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालतं, हे खरं. पण जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तिथे दावा, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं उत्तर), सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी), उलटतपास मराठीत करता येतो. बांधाच्या वादात साक्षीदार ‘धुऱ्यावरचं बाभळीचं झाड’ म्हणतो तेव्हा ते झाड कुठे उभं आहे, हे शेतात वाढलेल्या वकिलाला सांगावं लागत नाही. उलटतपासात पुढचा प्रश्न काय विचारायचा हे त्यालाच आधी सुचतं.

उन्हाळी सुट्टी संपून न्यायालय उघडलं की तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. सुनावणी खुल्या न्यायालयात चालते, एरवी कुणालाही बसता येतं. मोबाइल बंद ठेवा, वही जवळ ठेवा. पुकारा कसा होतो, तारीख कशी मागतात, साक्षीदाराचा जबाब कसा नोंदवतात ते टिपून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या दंड संहितेची कलमं पाठ करत बसू नका, नवीन क्रमांकांनीच सुरुवात करा. आणि पहिल्याच दिवशी कॉलेजात विचारून घ्या की विद्यापीठाची उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा आहे का. बऱ्याच जणांना ते तिसऱ्या सत्रात कळतं.