कडकनाथचं रक्त लालच असतं

कडकनाथ, म्हणजे काळ्या कातडीच्या, काळ्या मांसाच्या कोंबड्या पाळणाऱ्यांचे, पाळू बघणाऱ्यांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यातले पाच आज घेते.

ताई, बाजारातून ‘ओरिजिनल’ म्हणून कडकनाथची वीस पिल्लं आणली. आता चार महिन्यांची झालीत. काहींच्या मानेवर पांढरी पिसं आहेत आणि दोघांचे तुरे लाल दिसतात. माझी फसवणूक झाली का? (राजगुरुनगर)

पांढऱ्या पिसांची काळजी सोडा. कडकनाथमध्ये निखळ काळा, मानेवर रुपेरी रेघांचा पेन्सिल्ड आणि सोनेरी झाकेचा असे तिन्ही प्रकार असतात. पिसांवरून जात ठरत नाही. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, पंखाखालची कातडी बघा, पायाचे तळवे उलटे करून बघा. तिथे काळसर, जांभळट रंग हवा. तुऱ्यावर जांभळट-लाल झाक असली तर चालून जातं, पण गावरान कोंबड्यासारखा लालभडक तुरा असेल आणि जीभही गुलाबी असेल, तर त्यात भेसळ आहे.

खरी अडचण पुढेच आहे. काळ्या कातडीचा गुण प्रबळ असल्यामुळे गावरानशी झालेला पहिला संकरही पुष्कळदा काळपटच निघतो आणि कडकनाथ म्हणून विकला जातो. त्या संकराची आपसात पैदास केली की मग पांढऱ्या कातडीची पिल्लं निघू लागतात. म्हणून पिल्लं घेण्याआधी त्यांचे आईबाप बघायला मिळाले तरच घ्या. रक्त मात्र लालच असतं आणि अंडं फिकट बदामी. काळं अंडं दाखवून कुणी जास्त पैसे मागितले तर तिथून सरळ निघून या.

माझ्या तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर आल्या, पण एकही खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही. त्यात शेजारचा गावरान कोंबडा सारखा कुंपणातून आत येतो. रवणीला (उबवायला) अंडी कशी ठेवू? (पौड)

आधी कुंपण बुजवा. तो कोंबडा आजपासून बंद झाला, तरी पुढचे तीन आठवडे पैदाशीसाठी अंडी धरू नका. कोंबडीच्या अंगात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. ही अंडी खा, विका, पण उबवू नका. आपल्या भागात जात बिघडते ती बहुतेक अशीच, पाळणाऱ्याच्या नकळत.

खुडूक न बसणं हा कडकनाथचा स्वभावच आहे. तिची अंडी गावरान किंवा असील (झुंजीच्या जातीच्या) कोंबडीखाली ठेवा. असीलसारखी आई मिळणं कठीण. ती मांजरावरही धावून जाते. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. आठवड्याच्या आतलीच घ्या, धुऊ नका, निमुळतं टोक खाली करून सावलीत साठवा आणि कोंबडीखाली सारताना रात्री अंधारात सारा, म्हणजे ती बिथरत नाही.

सातव्या रात्री एकेक अंडं मुठीत धरून मागून टॉर्च लावा. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात आणि मधोमध एक ठिपका हलतो. इतकी वर्षं झाली, तरी तो ठिपका दिसला की माझा श्वास अडकतो. जे अंडं नितळ दिसेल ते काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील. एखाद्याला अर्धा दिवस जास्त लागला तर लागू दे. कवच सोलून ‘मदत’ करू नका.

डिसेंबरात आणलेल्या पन्नास पिल्लांपैकी चौदा एका रात्रीत मेली. सगळी एका कोपऱ्यात ढीग होऊन पडली होती. हा कसला रोग? (वाघोली)

वर्णनावरून तरी हा रोग वाटत नाही, थंडी वाटते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि पिल्लाला पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब लागते. दिवे गेले की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करा, म्हणजे कोपराच उरत नाही. ऊब दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्या. पिल्लं बल्बखाली गर्दी करत असतील तर त्यांना गारठा वाजतोय, कडेला पळून चोच वासत असतील तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा. बाजूला गोणपाट लावा, पण हवा कोंडू देऊ नका.

मान वाकडी होऊन, हिरवट हगून पिल्लं मरत असतील तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. कडकनाथ काटक आहे म्हणून लस नको, हा समज अनेकांचा कळप घेऊन गेला. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या राणीखेतच्या लसीचा एकेक थेंब डोळ्यात घाला. पुढच्या लसी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या. कुपी बर्फात ठेवूनच घरी आणा.

दीड लाख भरा, पक्षी आम्ही देतो, अंडी चढ्या भावाने आम्हीच परत घेतो, अशी योजना आली आहे. घेऊ का? (बिबवेवाडी)

नका घेऊ. 2019 साली आपल्या राज्यात याच पद्धतीच्या योजनांत शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. घेणारा गायब झाला आणि दारात खाद्य मागणारे पक्षी उरले. कडकनाथ वर्षाला साधारण 80 ते 100 अंडी देते, त्यावर झटपट श्रीमंती नाही. दहा कोंबड्यांपासून सुरुवात करा आणि अंडी खाणाऱ्यालाच विकून बघा.

‘झाबुआ कडकनाथ’ हे नावही लावू नका. या मांसाला 2018 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन मध्य प्रदेशातल्या झाबुआचं आहे. तिथल्या भिल्ल, भिलाला कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जात राखली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

चार वर्षं एकच कोंबडा आहे. अलीकडे बरीच अंडी वांझ निघतात. काय करू? (सासवड)

तो आता स्वतःच्या लेकी-नातींवर चालतोय, म्हणजे नात्यातच पैदास होतेय. बाहेरच्या, शुद्ध कळपातला तरुण कोंबडा आणा आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक ठेवा. नव्याला आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवून बघा. पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घाला आणि कुठलं पिल्लू कुणाचं ते वहीत लिहा. कोंबडा विकतच घ्यायला हवा असं नाही. लांबच्या गावातला कुणी नेमाने पाळत असेल तर अदलाबदल करा, दोन्ही कळपांचं भलं होईल.